किटलीवरचं नाव

आमच्या गावात माणसाची किंमत दोन गोष्टींवरून ठरते. त्याच्या विहिरीला पाणी किती, आणि त्याचं नाव किटलीवर आहे की नाही. पाणी देवाच्या हातात. किटलीवरचं नाव मात्र मी स्वतःच्या हातांनी आणलं. सव्वीस वर्षांचा होतो तेव्हा. आज एकाहत्तरचा आहे आणि आता त्याची लाज वाटते म्हणून सांगतो. गेल्या जुलैपर्यंत वाटत नव्हती, ही त्यातली जास्त लाजिरवाणी गोष्ट.

किटली म्हणजे खडक. गावापासून चार मैलांवर, सपाट माळावर एकटाच उभा. अंगाने गोल, आणि वर एका बाजूला तोटीसारखा सुळका. पावणेदोनशे वर्षांपूर्वी लोक छपराच्या गाड्या घेऊन प्लॅट नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला ऑरेगनकडे निघाले, तेव्हा हा खडक त्यांना तीन दिवस आधीपासून दिसायचा आणि तीन दिवस जवळ म्हणून यायचा नाही. एकदा पोचले की झऱ्याचं पाणी, बैलांना विसावा, आणि ज्याच्याकडे सुरी असेल तो खडकावर नाव कोरायचा. दगड खडूसारखा मऊ. अशी साडेतीनशे नावं आहेत.

त्यातल्या अकरा नावांची घरं आमच्या गावात आहेत. कोणाचे पूर्वज ऑरेगनवरून परत फिरले, कोणाचे बैल इथेच मेले म्हणून इथेच राहिले. ही झाली नाववाली घरं. बाकी आम्ही सगळे आगगाडीवाले. म्हणजे आमचे वाडवडील तीस-चाळीस वर्षांनी आगगाडीत बसून आले, सुखाने, खिडकीतून बाहेर बघत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी आमच्याकडे वाटेचा दिवस असतो. त्या दिवशी नाववाल्यांनी वॅगनमध्ये, म्हणजे तसल्याच छपराच्या बैलगाडीत, बसून किटलीपर्यंत जायचं, आपापल्या नावावर हात ठेवायचा, आणि आगगाडीवाल्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. हसू नका. गेली नव्वद वर्षं हे चाललं आहे आणि यावरून लग्नं मोडली आहेत.

माझंही मोडत होतं. आर्डिथ लूमिसशी माझं जुळलं होतं. लूमिस म्हणजे नाववाल्यांतलं पहिलं घर. तिची आई हल्डा, मी जेवायला गेलो की बटाट्याचं भांडं पुढे सरकवत म्हणायची, "घे, पोटभर घे. तुमच्या लोकांना डबा बांधून आणायची सवय, वाटेत भूक कशी ती माहीत नाही." सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी जाताना पिकअपच्या दाराला लाथ मारायचो.

माझा धंदा थडग्यांचे दगड घडवण्याचा. बापाचा तोच, त्याआधी आजोबांचा तोच. अक्षर कोरणं हे मला लोकांना सही करणं येतं तितकं येतं. तेव्हा किटली एका रँचवाल्याच्या कुंपणात होती, राखणदार कोणी नव्हता. एप्रिलमध्ये एका दुपारी मी छिन्नी, घासायचा दगड आणि एक पोतं वाळू घेऊन गेलो. पूर्वेच्या अंगाला एक दगड छज्ज्यासारखा पुढे आलेला आहे. त्याखाली पाऊस लागत नाही, म्हणून तिथला दगड गुळगुळीत. पाकोळ्यांची मातीची जुनी घरटी तिथे दाटीने चिकटलेली होती. ती मी खरवडली आणि खाली नाव निघालं.

गावाच्या यादीत नसलेलं नाव. घरट्यांखाली होतं म्हणून कोणी वाचलंच नव्हतं. थर्झा केम्पटन. वय नऊ. आणि खाली आणखी दोन शब्द: हिने पाहिली. अक्षरं वेडीवाकडी, साध्या सुरीने कोरलेली, शेवटचा शब्द घाईत आटपलेला. कोणी काय पाहिली ते मला कळलं नाही आणि मी त्यावर डोकंही चालवलं नाही. मला जागा हवी होती. खडकावर दुसरीकडे कुठे कोरलं असतं तर कालपर्यंत इथे काही नव्हतं असं कोणीही म्हणालं असतं. इथे कोणी म्हणणार नव्हतं.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. दगडावरचं नाव घासायचं तर घरच्यांची सही घ्यायची. नाव चुकलं असलं तरी, दगड आपल्याच अंगणात पडून असला तरी. बापाने मला हा नियम छिन्नी धरायच्या आधी शिकवला होता. मी तिथे उभा राहिलो, आणि माझ्या मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो: नऊ वर्षांची पोर, तिचं आता कोण विचारायला येणार? मग घासायला घेतलं. दगड मऊ. सिगारेट ओढायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

तिथे मी कोरलं, ए. बॅरिक, १८५१. अक्षरं त्या काळच्या वळणाची. मग ओली वाळू चोळून कडा बोथट केल्या, वर ताकात कालवलेली माती लावली. एमॉस बॅरिक हे माझे खापरपणजोबा, माणूस खरा होता. फक्त ओहायोतल्या आपल्या गावाबाहेर तो कधी पडला नाही, त्याला बैलाची भीती वाटायची असं घरात सांगत. मी गावात सांगितलं की तो सोन्याच्या नादाने कॅलिफोर्नियाला गेला आणि हात हलवत परत आला. सोन्याच्या नादाने गेलेले सगळेच हात हलवत परत आले, त्यामुळे कोणाला शंका आली नाही.

महिन्याभराने आर्डिथला सहलीला घेऊन गेलो आणि ते नाव तिलाच सापडेल असं केलं. ती ओरडली, रडली, माझ्या गळ्यात पडली. हल्डा स्वतः बघायला आली, चष्मा पुसून दोनदा वाचलं, आणि म्हणाली, "मी म्हणतच होते. पोराच्या हनुवटीतच आहे ते!" सप्टेंबरमध्ये लग्न झालं. पुढच्या जुलैत मी वॅगनमध्ये बसलो.

तेव्हापासून चव्वेचाळीस जुलै बसलो. पुढे खडक सरकारने घेतला, भोवती कठडा बांधला, आणि झिजलेली अक्षरं वाचता येतात म्हणून त्याची किल्ली माझ्याकडे दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. कोणी लांबून आपल्या पूर्वजाचं नाव शोधत आलं की म्युझियमवाले मला फोन करतात. मी कडेने उजेड पाडतो, बोट फिरवतो, नाव शोधून देतो. लोक रडतात, माझे हात हातात घेतात. मला वाटायला लागलं होतं की मी चांगला माणूस आहे.

गेल्या जुलैत, वाटेच्या दिवसाच्या आदल्या सकाळी, कोरा विदरबी आल्या. ऑरेगनहून, एकट्या, भाड्याच्या मोटारीतून, वय ब्याऐंशी. हातात काठी, काखेत प्लास्टिकची फाइल. आर्डिथला पाहुण्यांचं वेड, ती दालचिनीचे रोल आणि कॉफीचा थर्मास घेऊन सोबत निघाली.

पिकअपमध्ये कोराबाई आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या. "मिस्टर बॅरिक, तुमचं नाव फार ऐकलंय," त्या म्हणाल्या. "माणसाला दिसत नाही ते तुमच्या बोटांना दिसतं म्हणे."

"त्याला घरात मीठ कुठे ठेवलंय ते दिसत नाही," आर्डिथ म्हणाली.

"माझ्या नवऱ्याला मी दिसत नसे," कोराबाई म्हणाल्या, आणि दोघी खिदळल्या. मीही हसलो. मला काहीच माहीत नव्हतं.

किटलीपाशी उतरलो. मी कुलूप काढलं आणि विचारलं, "नाव काय शोधायचं?"

"केम्पटन," त्या म्हणाल्या. "थर्झा केम्पटन. नऊ वर्षांची होती."

कुलूप माझ्या हातातून खाली पडलं. आर्डिथने ते उचललं आणि म्हणाली, "संधिवात. सकाळी असंच होतं त्याचं."

मग त्यांनी फाइल उघडली. जागा लिहिलेलीच होती: पूर्वेच्या अंगाला, पुढे आलेल्या दगडाखाली, चाकाच्या आसाइतक्या उंचीवर. मी त्यांना आधी उत्तरेकडे नेलं. हो, नेलं. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला काठी टेकत टेकत, उन्हात, जिथे नाव नाही हे मला पक्कं ठाऊक होतं तिथे. अर्धा तास मी बोटं फिरवण्याचं नाटक केलं. त्या माझ्यामागे श्वास रोखून उभ्या राहायच्या आणि मी मान हलवली की म्हणायच्या, "असू दे, असू दे, अजून बराच खडक आहे." शेवटी आर्डिथच म्हणाली, "अरे, पूर्वेला म्हणतायत ना त्या? पुढे आलेला दगड म्हणजे आपलाच की! एमॉसपाशी!"

तिने कोराबाईंचा हात धरून त्यांना तिथे नेलंसुद्धा. मी मागून गेलो. खडकावर माझं अक्षर होतं. पंचेचाळीस वर्षांत ते खरोखरच जुनं झालं होतं.

"ए. बॅरिक," कोराबाईंनी वाचलं. "तुमचेच का हो? एक्कावन्न. म्हणजे आमच्या आधी एक वर्ष." त्यांनी आजूबाजूचा सगळा दगड तळहाताने चाचपला. आंधळा भिंत चाचपतो तसा. "इथेच असायला हवं. याच्याच शेजारी."

"वारा असतो इकडे," मी म्हणालो. "मऊ दगड. दर वर्षी दोन-चार नावं जातात."

हे मी बोललो. छज्ज्याखाली वारा लागत नाही, पाऊस लागत नाही, म्हणून तर मी ती जागा निवडली होती. कोराबाईंनी मात्र मान डोलावली आणि माझ्या दंडावर थोपटलं. "तुम्ही तरी काय करणार? मनाला लावून घेऊ नका." मग त्या बॅरिकच्या नावाकडे बघून म्हणाल्या, "तुमचं राहिलं, हे बरं झालं. कोणाचं तरी राहिलं."

आर्डिथने त्यांना छज्ज्याच्या सावलीत बसवलं, कॉफी दिली. "लांबून आलात," ती म्हणाली. "थर्झा तुमची कोण लागायची?"

"माझी पणजी तिची धाकटी बहीण. इथे नाव कोरलं कारण थडगं नाही." त्यांनी फाइलमधला कागद काढला. जुन्या वहीची प्रत होती. "एल्मायरा, थर्झाची आई. ल्यूथर तिचा नवरा. ती लिहायची. वाचू?"

वाचू नका असं मला म्हणायचं होतं. आर्डिथ म्हणाली, "वाचा की."

कोराबाईंनी वाचलं. पाठच होतं त्यांना, कागदाकडे फारसं बघत नव्हत्या.

"'एकवीस जून. पहाटे थर्झाला देवाने नेलं. वाटेच्या मधोमध पुरली आणि वरून सगळ्या गाड्या नेल्या, लांडग्यांना जागा कळू नये म्हणून. आमचीही नेली. मी गाडीत बसले होते. तेवीस जून. किटलीपाशी आलो. ल्यूथर एकटा गेला आणि तिचं नाव कोरून आला. जागा तेवढी त्याने सांगितली, काय लिहिलं ते मी विचारलं नाही. मला एकच कळायला हवं आहे. वीस तारखेला संध्याकाळी किटली पहिल्यांदा दिसली तेव्हा मला ग्लानी आली होती, आणि तो तिला मांडीवर घेऊन पुढे बसला होता. तिने ती पाहिली का? तीन आठवडे पोर तेच म्हणत होती, किटली आली का, किटली आली का. उद्या विचारीन.'"

"मग?" आर्डिथने विचारलं. "काय म्हणाला तो?"

"विचारलंच नाही तिने. उद्या उद्या करत राहिली. ऑगस्टमध्ये नदी ओलांडताना ल्यूथर वाहून गेला." कोराबाईंनी कागद गुडघ्यावर सपाट केला. "ती वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षापर्यंत जगली. या बाजूने कोणी आलं की दारात जाऊन विचारायची, किटलीवर आमच्या थर्झाचं काही वाचलंत का. तेव्हापासून आमच्यातली प्रत्येक बाई जाताना पुढचीला सांगून जाते, जमलं तर जाऊन बघ. कोणाचं जमलं नाही. पोरंबाळं, दुष्काळ, लढाया. माझ्यापुढे आता कोणी नाही, म्हणून म्हटलं मरायच्या आधी आपणच जावं." त्या हसल्या. "मूर्खपणाच. वय आणि नाव, आणखी काय लिहिलं असणार त्याने?"

हिने पाहिली.

एवढ्या वर्षांत ते शब्द मला आठवले नव्हते असं नाही. आठवायचे, आणि मी दुसरं काहीतरी करायला घ्यायचो. आता मात्र दुसरं करायला घेण्यासारखं काही नव्हतं. त्या बाईला जे हवं होतं ते जगात फक्त माझ्याकडे होतं, आणि ते द्यायचं तर मी कोण आहे ते सांगावं लागणार होतं. आर्डिथच्या देखत. उद्याच्या वॅगनच्या आदल्या दिवशी. खरं सांगतो, मी गप्प बसायचा विचार केला. कोराबाई कागद फाइलमध्ये घालेपर्यंत केला, थर्मासचं झाकण लागेपर्यंत केला. त्या काठीवर जोर देऊन उठायला लागल्या तेव्हा मी म्हणालो, "बसा. नाव होतं."

"काय?"

"नाव इथे होतं. मी वाचलंय. एकोणऐंशी सालच्या एप्रिलमध्ये. पाकोळ्यांच्या घरट्यांखाली होतं. मी ते घासून काढलं आणि त्यावर हे कोरलं. बॅरिक बिरिक इथे कोणी आलं नव्हतं. आम्ही आगगाडीतून आलो."

कठड्यावर एक माळचिमणी ओरडत होती. मी आर्डिथकडे बघितलं नाही, पण तिचा आवाज आला.

"वेन्डेल, गंमत करतोयस ना?"

"नाही."

"माझ्यासाठी केलंस?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तसं म्हटलं तर दोष जन्मभर तिच्याच माथी बसेल, तेही मला दिसत होतं. "नाही," मी म्हणालो. "तू तशीही हो म्हणाली असतीस. मला वॅगनमध्ये बसायचं होतं."

आर्डिथ म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं मी तुझ्याशेजारी बसून त्या वॅगनमधून लोकांना हात हलवतेय." तिने रोलचा डबा बंद केला, दोनदा दाबून बंद केला, आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. काच खाली केली नाही. बाहेर शंभर फॅरेनहाइटचं ऊन होतं.

कोराबाई माझ्याकडे बघत होत्या. शिव्या देतील तर बरं असं मला वाटत होतं. त्यांनी दिल्या नाहीत. मला क्षमाही केली नाही, हेही सांगून ठेवतो, कारण गावात आता काही लोक तसं सांगतात. त्यांचा चेहरा लहान झाला होता.

"आणखी काय होतं?" त्यांनी विचारलं. "नावाशिवाय."

"वय. आणि खाली दोन शब्द."

"ते सांगायच्या आधी एक ऐका. मला बरं वाटावं म्हणून काही रचून सांगाल तर देवाशपथ, आज इथे झालं ते तुम्हाला कमी वाटेल असं करीन."

"रचत नाही. अक्षरं वाकडी होती. शेवटचा शब्द घाईत कोरलेला. 'हिने पाहिली.'"

त्यांनी ते ऐकलं. तोंडावर हात ठेवला. मग वळून त्यांनी माळाकडे बघितलं, पूर्वेकडे, जिकडून गाड्या यायच्या. तिकडे आता मक्याची शेतं आणि तारांचे खांब आहेत, बघण्यासारखं काही नाही. त्या बघत राहिल्या. मी बाजूला उभा होतो. माझ्यासारख्याने त्या वेळी तिथे असू नये असं वाटत होतं, पण मी गेलो नाही.

शेवटी त्यांनी फाइलमधून वहीच्या पानाची ती प्रत परत काढली, पर्समधून पेन्सिल काढली, आणि गुडघ्यावर टेकवून एल्मायराच्या ओळीखाली, कोऱ्या जागेत, सावकाश लिहिलं. हिने पाहिली. किटलीवर ल्यूथरने कोरलं होतं. मग पेन्सिल थांबली.

"कोणी वाचलं ते लिहायला हवं," त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. "नाहीतर पुढचा कोणी विश्वास ठेवायचा नाही. नाव सांगा तुमचं."

त्यांना माझं नाव ठाऊक होतं. सकाळपासून त्या मला नावाने हाक मारत होत्या.

"माझं राहू द्या," मी म्हणालो. "नुसतं गावातल्या एकाने वाचलं असं लिहा."

"नाही. नाव." पेन्सिल कागदावर टेकलेलीच होती. "तुमचं नाव या वाटेवरच्या नावांत यावं म्हणूनच केलंत ना एवढं? सांगा."

"वेन्डेल बॅरिक," मी म्हणालो.

"वारा आहे. मोठ्याने."

मी मोठ्याने सांगितलं. एवढ्या मोठ्याने की पिकअपमध्ये आर्डिथने मान खाली घातली. कोराबाईंनी ते थर्झाच्या नावाच्या खाली, स्वच्छ, सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.